रेवसच्या धक्क्यावरून घातलेला कुकारा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौलला आमच्या वाडीमागे तिन्हीसांजेला जायला लोक बिचकतात, मी तिथं खुशाल सुपाऱ्या गोळा करत फिरते. तेव्हा हे वाचून काकूंचं डोकं फिरलं म्हणायचं असेल तर म्हणा... पण आधी ऐका. भीतीची गोष्ट नव्हे हं, आनंदाची!

सुलभा माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये पोफळींची एवढी झाडी की पलीकडचं माणूस दिसायचं नाही. म्हणून आम्ही कुकारा घालायचो, म्हणजे लांब हाक. अर्धा मी घालायचा — "कूऽऽ" — आणि उरलेला "कू-हूऽऽ" तिनं पुरा करायचा. तिचा आवाज शेवटी जरा फाटायचा. लग्नं होऊन दोघी गावातच राहिलो, त्यामुळे नातवंडं झाली तरी हा खुळेपणा चालूच होता.

गेल्या हिवाळ्यात सुली लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाली. कायमची. घरसुद्धा विकलं. आदल्या दिवशी म्हणाली, "घरी नको येऊस गं, पोरांसमोर रडारड नको. सकाळी मांडव्याला ये, मुंबईच्या बोटीपाशी नीट भेटू."

सकाळी आमच्या ह्यांच्या स्कूटरवर निघालो. फाटा आला तसे हे म्हणाले, "अगं, मांडवा डावीकडं ना?"

"मला नका शिकवू. जन्म गेला या रस्त्यावर."

आणि पोचलो कुठं, तर रेवसला. तरुणपणी आम्ही दोघी मुंबईला जायचो ते रेवसच्या लाँचनं. मैत्रिणीला सोडायचं म्हटल्यावर मी आपली सवयीनं तिकडेच. लाँचवाला म्हणाला, "ताई, गेटवेची बोट मांडव्यावरनं सुटते. आता गेली पण असंल." सुलीला फोन लावला, लागेना.

असा संताप आला स्वतःचा... जन्माची मैत्रीण चालली, आणि मी भलत्याच धक्क्यावर उभी. आता कुठली भेटते ती पुन्हा? रडूच फुटलं. कसलाही विचार न करता मी समुद्राकडं तोंड करून कुकारा घातला.

आणि उत्तर आलं. "कू-हूऽऽ". शेवटी फाटलेलं. पोफळींच्या पलीकडून यावं इतकं जवळून. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे हेल्मेट हातात घेऊन चहूकडे बघत होते. म्हणाले, "सुलभा इथं कुठं आली?"

ती मुंबईत गेटवेला उतरल्यावर तिचाच फोन आला. मी काही बोलायच्या आत ती हसत सुटली. "बये, कुठं लपली होतीस? बोट सुटली नि तुझा कुकारा आला. मी पण बोटीच्या वरच्या मजल्यावरनं घातला, सगळी बोट बघत राहिली माझ्याकडं. तू दिसली न्हाईस, पण म्हटलं, आली माझी मंदी."

मी रेवसला होते हे सांगितलं तेव्हा तिनं तीनतीनदा विचारलं, "रेवसला?" मग दोघी एकदम हसायला लागलो, आणि हसता हसता रडायला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

नकाशा काढून बघा हवं तर. रेवस कुठं, मांडवा कुठं... मध्ये केवढा किनारा, त्यात वळण. बोटीचा भोंगासुद्धा इकडचा तिकडं ऐकू येत नाही.

हे अजून म्हणतात, वाऱ्यानं आवाज गेला असेल. गेला असेल हो, मी कुठं नाही म्हणते. पण वारा एका वेळी एकाच दिशेला वाहतो ना? माझी हाक तिच्याकडं वाऱ्यानं नेली, मान्य. मग तिची माझ्याकडं कुणी आणली?