परबकाकांच्या खिशातलं सँडविच

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी दोनदा लावून बघत आणि मगच चपला काढत. आम्ही मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या दिवशी आमचं सामान अजून लिफ्टपाशीच होतं आणि हा लुंगीतला उंच, वाळका म्हातारा आमच्या दारात उभा राहून कडी पुढेमागे सरकवत होता. मला वाटलं, सोसायटीने पाठवलेला सुतार असणार. मी म्हटलं, "मामा, किचनचा ड्रॉवरही अडकतोय, तेवढा बघून घ्या." त्यांनी तो निमूटपणे दुरुस्त केला, वर मेण चोळून दिलं, आणि निघताना म्हणाले, "मी समोरचो परब. चाय पिऊक येवा." पुढे कितीतरी वर्षं ते मला या ड्रॉवरवरून छळत असत.

काका मूळचे मालवणकडचे. सगळी नोकरी मुलुंडच्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. तिथे ते डाय बनवायचे, म्हणजे पत्र्याचे एकसारखे तुकडे कापून काढणारे पोलादी साचे. "टेस्ट केल्याशिवाय माल गेटाभायर जावचो नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. निवृत्तीनंतर माल राहिला नाही आणि गेटही राहिलं नाही, त्यामुळे ते काकूंच्या कुकरची शिटी, माझ्या गॅसची नळी आणि वॉचमनची खुर्ची टेस्ट करू लागले. नवी छत्री आणली की ती उघडून शॉवरखाली उभे राहायचे. काकू म्हणायच्या, "माझे बाबा हो म्हणाले असते ना, तर लग्नाआधी मलाही बादलीत बुडवून बघितलं असतं यांनी."

माझी मुलगी मुक्ता तेव्हा पहिलीत होती. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एके दिवशी तिच्या डब्यातल्या सँडविचमधून हिरवी चटणी सुटली, झाकणाच्या फटीतून बाकावर आली आणि शेजारच्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत शिरली. त्या पानावर मोर होता. मोर हिरवाच असतो, हे माझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. बाईंनी मुक्ताला वर्गासमोर उभं केलं, डायरीत शेरा आला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुक्ताने शाळेत डबा उघडणंच सोडून दिलं.

इडली द्या, पोळीचा रोल द्या, नुसता खाकरा द्या, डबा जसाच्या तसा परत. तीन आठवडे हे चाललं. साडेबाराला बसमधून उतरायची ती पांढरी पडलेली आणि रडवेली. मी समजावलं, मग रागावले, मग लालूच दाखवली. सासूबाईंनी फोनवरून अन्नाला नाही म्हणू नये यावर व्याख्यान दिलं. तिच्या बाबांनी आपण लहानपणी काय काय खायचो याची यादी ऐकवली. पोरीचं वजन मात्र उतरत होतं. ऑफिसात तिच्या मधल्या सुट्टीची वेळ झाली की माझं कामातलं लक्ष उडायचं.

हे मी परबकाकूंना सांगत होते, तेव्हा काका पेपरमागे होते. पेपर खाली आला. त्यांनी मुक्ताला समोर स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "काय गो चेडवा, डबो कित्याक उघडणस नाय?"

"गळतो," मुक्ता म्हणाली.

"आता गळत नाही रे बाळा, मी सुकं देते," असं मी म्हणायला गेले, तर काकांनी हात वर करून मला गप्प केलं. "खंयसून गळता? बाजूक की खाली?"

मुक्ताने हाताने दाखवलं. ब्रेडच्या कडेतून. चारही बाजूंनी. काका गंभीरपणे मान हलवत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सगळी तिका कशाक बोलतास? पोरीचो दोष नाय. माल खराब असा." तीन आठवड्यांत मुक्ताची तक्रार खरी मानणारा हा पहिला माणूस. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. मग ती म्हणाली, "मला बंद सँडविच पाहिजे. कडा नसलेलं. ज्यातून काहीच येत नाही."

"होतला," काका म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

पहिला प्रयत्न स्टीलच्या वाटीने झाला. वाटीची कड बोथट, त्यामुळे ब्रेड कापला न जाता दबला. काकू म्हणाल्या, "अहो, करंजीला मुरड घालतो तशी घाला की." काका म्हणाले, "मुरड हातार अवलंबून. दर पीस वेगळो." ओळखीच्या वर्कशॉपमधून ते स्टीलच्या पाइपाचा तुकडा घेऊन आले. दोन दिवस कानशीने घासून, पॉलिश करून त्याचा डाय केला. बाहेरची धार ब्रेड कापायची आणि आतली गोल कड दोन्ही काप एकमेकांवर दाबून बंद करायची. दोन्ही कापांना लोणी, म्हणजे वॉटरप्रूफिंग. चटणी फडक्यात पिळून घेतलेली, आणि तीही मध्येच, बोटभर कड सोडून. ब्रेड सकाळचाच हवा, शिळ्या ब्रेडला चीर जाते. कापलेल्या कडांचा काकू रोज फोडणीचा ब्रेड करायच्या आणि तो मजल्यावरच्या सगळ्यांनी खायचा असा अलिखित नियम झाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शहाभाभींनी दार उघडलंच नाही.

मग टेस्ट. काकांनी बादलीत पाणी भरलं, सायकलची ट्यूब बुडवतात तसं सँडविच बुडवलं आणि डोळे बारीक करून बघत बसले. मुक्ता बादलीला नाक लावून होती.

"बुडबुडो नाय," काका समाधानाने म्हणाले.

"काका, पण सँडविच कुठाय?" मुक्ताने विचारलं.

हातात लगदा आला होता. मुक्ता इतकी हसली की तिला उचकी लागली. महिनाभरात घरात ते हसणं ऐकलं नव्हतं. काका मात्र हसले नाहीत. ते आत गेले आणि कपाटातला पांढरा शुभ्र शर्ट घालून आले. तो निवृत्तीच्या समारंभात घातलेला, त्यानंतर दोनदाच अंगाला लागलेला शर्ट. नवं सँडविच त्यांनी छातीच्या खिशात ठेवलं, रिक्षा केली आणि स्टेशनजवळच्या भाजी गल्लीपर्यंत सगळे स्पीडब्रेकर घेत जाऊन आले. येताना तीन मजले चढून आले, लिफ्ट चालू असताना.

खिशावर रुपयाएवढा हिरवा डाग होता. काकू कपाळाला हात लावून खाली बसल्या. भाजीवालीने म्हणे काकांना विचारलं होतं, "आजोबा, पेन फुटलं काय?" आणि त्यांनी तिला "पेन नाय, सँडविच," असं खरं सांगून टाकलं होतं. त्यानंतर तिने सुट्ट्या पैशांची कटकट न करता त्यांचे उरलेले पैसे मुकाट परत दिले.

चार दिवस हे चाललं. लोणी वाढलं, चटणी आणखी घट्ट झाली, आतली कड आणखी घासली गेली. पाचव्या दिवशी काका रिक्षातून उतरले, वर आले आणि मुक्तासमोर वाकून उभे राहिले. तिने खिसा उघडला, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"पास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली होती. साडेबाराला डबा रिकामा आला. मी बसस्टॉपवरच तो उघडून बघितला आणि तिथेच रडले. धावत काकांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "ता सोड. कड उघडली काय, ता विचार."

त्यानंतर रोज सकाळी सव्वासहाला दारावर टकटक व्हायची आणि लुंगीवर तो पांढरा शर्ट घातलेले काका दोन बंद सँडविचं देऊन जायचे. दोन वर्षं. वजन भरलं, गाल आले. आणि तिसरीत गेल्यावर एका संध्याकाळी मुक्ता मला म्हणाली, "आई, मला उद्यापासून पोळी आणि बटाट्याचा रस्सा दे ना. आम्ही सगळ्या डबे मध्ये ठेवून खातो. सँडविच बंद असतं, त्यातलं कुणाला देता येत नाही."

काकांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. आठवडाभर सँडविचं मी ऑफिसात नेऊन खाल्ली. शेवटी मुक्ताच उठली आणि सकाळी रश्श्याचा डबा हातात धरून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. डबा हलवून बघितला. आत रस्सा डुचमळला.

"ह्यो तर गळतलो," ते म्हणाले.

"गळला तर पुसायचा," मुक्ता म्हणाली.

काकांनी झाकण दोनदा दाबून बघितलं. मग डबा तिच्या हातात परत देऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "चेडू पास झाला." आत जाऊन त्यांनी डायला तेल लावलं आणि तो जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवून दिला. मला त्यांचे डोळे भरल्यासारखे वाटले, पण विचारलं असतं तर ते तेल उडालं म्हणाले असते.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यांचे कपडे वाटायला काढले तेव्हा काकूंनी तो शर्ट बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हा कुणाला देऊ? डागाचा आहे." मुक्ताने तो मागून घेतला. ती आता सातवीत आहे. शर्ट तिला गुडघ्यापर्यंत येतो आणि चित्रं काढताना ती तोच अंगात घालते. रंग सांडते, हात पुसते, पुन्हा सांडते. खिशावरचा चटणीचा हिरवा कुठला आणि रंगाचा हिरवा कुठला, हे आता मलाही ओळखू येत नाही.