सासूबाईंनी माझी ओळख पटवून घेतली

ओळख पटवून घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. इथून पुण्याच्या हेड ऑफिसला जाणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट कुलूपबंद जातं. ते आपल्याच माणसाचं आहे ना, वाटेत कोणी हात लावला नाही ना, हे तपासल्याशिवाय पलीकडचा राउटर ते आत घेत नाही. त्यासाठी दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली लागते, चांगली चाळीस आकडी.

ती कागदावर लिहून मी जवळच्या मुरबे गावी सासूबाईंच्या सुक्या बोंबलांच्या डब्यात ठेवली होती. (कोणता चोर तिथे नाक घालेल?) वर बजावलं होतं, "आई, हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. माझ्या आवाजात फोन आला तरी आकडे सांगायचे नाहीत!"

एका सकाळी आमचा राउटर जळला. नवा बसवला, पण किल्ली? (ती ज्याच्याकडे होती तो पुण्याचा जोडीदार नेमका विमानात!) तिकडून माल सोडायची परवानगी येईना, तीन टँकर गेटवर अडले. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"तासाभरात लाइन सुरू झाली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

मी सासूबाईंना फोन लावला. लिहून घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून मी शहाण्याने फोन स्पीकरवर टाकला!

"आई, डब्यातला कागद वाचा."

"कोन तू?"

"अहो, मी जावई!"

"आवाज बरा काडलास, मेल्या! ठेव फोन!"

"आई, माझी नोकरी जाईल हो!"

"जावय हायस ना? मग सांग, पयल्यांदा मुरब्याला आलास तवा काय झालं?"

मागे अख्खं ऑफिस जमलं होतं.

"दुसरं काहीतरी विचारा ना..."

"नाय!"

"टोपलीतून चिंबोरी सुटली," मी पुटपुटलो. (चिंबोरी म्हणजे खेकडा. मी सांगलीचा, मला तो परातीएवढा दिसला!)

"मग?"

"मी ओट्यावर चढलो."

"आनि?"

"...रडलो."

"अगो बाय, तुमीच जावयबापू! घ्या लिवून!"

सासूबाईंनी चाळीसही आकडे अख्ख्या मुरब्याला ऐकू जातील असे ओरडून सांगितले. लाइन लागली, टँकर सुटले, हसता हसता साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली!

जगजाहीर झालेली किल्ली मी दुपारीच बदलली. नव्या किल्लीवर पुण्याहून पहिला संदेश आला. पूर्ण तपासलेला, कुलूपबंद, वाटेत कोणाचाही हात न लागलेला:

"ओट्यावरून उतरलात का?"