लेओंतिनाबाईंच्या मयताचे जेवण

आमच्या मोगोशेल गावात मान मिळवायचा तर माणसाला आधी मरावे लागते. तोपर्यंत त्याच्याबद्दलचे बरे शब्द लोक ट्रंकेत नवी चादर ठेवावी तसे जपून ठेवतात. आमचे जुने पोस्टमास्तर जिवंत होते तेव्हा त्यांच्या कुत्र्यामुळे निम्मे गाव त्यांच्याशी बोलत नव्हते. ते गेले त्या दुपारी ते गावाचा आधारस्तंभ झाले, आणि कुत्रासुद्धा गुणी होता असे दोघातिघांना आठवले.

लेओंतिना ब्रातू यांना हे सगळे माहीत होते. त्यांना गावाबद्दल माहीत नाही असे फारसे काही नव्हतेच. स्टेशनाजवळच्या एकखोली शाळेत पहिली ते चौथी त्यांनी पस्तीसेक वर्षे शिकवली. पुढचे वर्ग मोठ्या शाळेत, तिथे मी गणित शिकवायचो. मुले माझ्याकडे यायची ती बाईंच्या हाताखालून. ज्याची नखे त्यांनी तपासलेली नाहीत असा चाळिशी-पन्नाशीचा माणूस आमच्या गावात नाही. महापौर फ्लोरेल बुझातू अजूनही त्यांना पाहिले की दोन्ही हात पाठीमागे घेतो. पावाच्या दुकानात बाई शिरल्या की रांग आपोआप सरळ होते. पाद्रीबाबा परगावचे, त्यांच्या हाताखाली न शिकलेले. पण तेही सुटले नाहीत. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बाईंनी त्यांना सांगितले, की प्रवचनाची सुरुवात छान होती, शेवट तेवढा राहिला.

थंडीत सरकारी लाकूड वेळेवर आले नाही तर बाई प्रत्येक मुलाला घरून एक ओंडका आणायला लावत आणि स्वतःच्या परसातून हातगाडीभर आणत. रेल्वेच्या रुळांवर काम करणारे लोक अंगठा उठवत, म्हणून संध्याकाळी धान्याच्या कोठारात त्यांना सही शिकवली. कुणाच्या मुलीचे लग्न अडले, कुणाच्या म्हातारीला चष्मा हवा, की लोक बाईंकडे जात, काम होई, आणि बाहेर पडताना बाई फार बोलतात म्हणून कुरकुरत. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, तिचे शेवटपर्यंत सगळे त्यांनी केले. मग नवरा तोमा, रेल्वेत सिग्नलवर होता, त्याला अर्धांगवायू झाला. त्याला त्यांनी सहा वर्षे चमच्याने भरवले. भरवतानाही त्या त्याला ताठ बसायला सांगत.

मुलगा एकच, ओविदिऊ. दोन वर्षांसाठी म्हणून स्पेनला संत्री भरायच्या गोदामात गेला आणि आमच्याकडची मुले जातात तसा गेलाच. रविवारी फोन, ईस्टरला खोके. खोक्यात कॉफी, चॉकलेट आणि आईला नको असलेली चादर. बापाच्या आजारपणाच्या सहा वर्षांत त्याला एकदाही येणे जमले नाही. तोमा गेल्याचे कळले मात्र, आणि गडी न झोपता गाडी हाकत आला. स्मशानात उभ्या ठेवलेल्या गोल हारांत सगळ्यात उंच हार त्याचा होता, आणि रडला तर असा की वेताचा आवाज बुडाला. वेता ही बाईंची शेजारीण, अक्रोडाच्या फांद्यांवरून त्यांच्याशी वीस वर्षे भांडणारी, आणि मयताला हेल काढून रडण्यात साऱ्या तालुक्यात पहिली. तिला झाकून टाकणे सोपे नव्हते. मुलगा असावा तर असा, असे लोक एकमेकांना सांगत होते. चौथ्या दिवशी तो परत गेला.

स्मशानातून परतताना बाई माझ्या बाजूने चालत होत्या.

"पाहिलंत ना, सर? मेलेल्या माणसासाठी तो एवढ्या लांबून येतो. म्हणजे रस्ता त्याला ठाऊक आहे."

त्यानंतर दोन वर्षांनी, एका शरद ऋतूत, बाईंनी आपली पोमाना घालायचे ठरवले. पोमाना म्हणजे मयताचे जेवण, आणि आमच्या भागात ते माणसाने जिवंतपणी स्वतःच घातले तरी चालते. ज्यांच्या मागे कोणी नाही, किंवा जे आहेत त्यांच्यावर भरवसा नाही, अशी माणसे ते घालतात. बाईंना तर मुलगा होता, तोही हारवाला. त्यामुळे पावाच्या रांगेत चर्चा झाली. कोणी म्हणाले, बाईंना ओविदिऊच्या बायकोच्या हातची चव माहीत आहे. कोणी म्हणाले, भाषणे तपासल्याशिवाय बाई मरायच्या नाहीत.

मला त्यांनी सरळ सांगितले. "माझ्या मयताला तो येणारच. पण मला काय त्याचं? मला तो माझ्या अंगणात बसून जेवताना बघायचाय. हे जेवण त्याच्यासाठी आहे. बाकी गाव सोबतीला."

त्यांनी ओविदिऊला फोन केला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तो काय म्हणाला ते मला अर्धेच ऐकू आले. संत्र्यांचा हंगाम सुरू होतोय, मालक नवा आहे, जिवंत माणसाच्या मयताला कोण रजा देतं, आई. बाईंनी शनिवारची तारीख दोनदा सांगितली, त्याच्याकडून एकदा म्हणवून घेतली आणि फोन ठेवला.

"येतोय का?" मी विचारले.

"बघतो म्हणाला. तोमाच्या वेळी सहा वर्षं बघतच होता."

महापौर फ्लोरेलला ही बातमी कळली आणि त्याला एकदम बाईंबद्दल प्रेम आले. निवडणूक वसंतात होती. स्टेशनाजवळच्या शाळेला बाईंचे नाव द्यायचे असे त्याने जाहीर केले आणि संगमरवरी पाटीही करून घेतली. मग कार्यालयातल्या कुणीतरी सांगितले, की नियमाप्रमाणे नाव मेलेल्या माणसाचेच देता येते. पाटी तर झाली होती. तिच्यावर बाईंचे नाव, जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि पुढे गुळगुळीत मोकळा दगड. त्या वर्षी शाळेत सगळी मिळून नऊ मुले होती आणि ती बंद करायचे कागद वर गेलेले होते, हेही फ्लोरेलला माहीत होते. पण बंद शाळेलासुद्धा नाव असले तर वाईट दिसत नाही.

शनिवारी पहाटेपासून वेता बाईंच्या अंगणात होती. अक्रोडाचे भांडण तिने एका दिवसापुरते भिंतीपलीकडे ठेवले होते. कोबीच्या पानात खिमा-तांदूळ गुंडाळलेले सरमाले मोठ्या मातीच्या हंड्यांत रटरटत होते. द्राक्षाच्या मांडवाखाली लांबच लांब टेबले मांडली होती. प्रत्येक जागेवर एक नवा वाडगा, एक टॉवेल आणि पावाच्या तुकड्यात खोचलेली मेणबत्ती. मधोमध गोड गव्हाची कोलिवा, वर साखरेचा क्रूस. बाईंच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. तिथला वाडगा इतरांपेक्षा मोठा होता. कोणी तिकडे बसायला वळला की बाई नुसत्या बघत आणि तो पुढे सरके.

गाव आले, आणि सवयीने काळे घालून आले. फाटकातून शिरताना प्रत्येक जण सवयीनेच म्हणे, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, आणि मग समोर बाई उभ्या दिसत. "देईल तेव्हा देईल," बाई म्हणत. "पाय पुसून आत या." पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली ती मेलेल्यांची. बाई खोकल्या. पाद्रीबाबांनी दोन पाने मागे उलटून त्यांना जिवंतांमध्ये आणले.

सगळ्यात पंचाईत वेताची झाली. मेणबत्त्या पेटल्या, धूप दरवळला, आणि बिचारीचा गळा आपोआप उघडला. पदराच्या टोकासारखे डोक्यावरच्या रुमालाचे टोक डोळ्यांना लावून तिने हेल काढला. "ऊठ गं लेओंतिना, बघ गं तुझ्या दारी कोण कोण आलंय, ऊठ गं माझ्या सोन्या..."

"उठलेलीच आहे, वेता," बाई म्हणाल्या. "खालचे सरमाले लागतायत, ते बघ."

मग भाषणे झाली. मयताच्या भाषणाचा आमच्याकडे एक ठरलेला साचा आहे, आणि तो इतकी वर्षे चालला तो केवळ मयत मध्ये बोलत नाही म्हणून. पहिला उठला तो गिरणीवाला. म्हणाला, बाईंनी कधी कुणाला बोटही लावले नाही. बाईंनी मान हलवली.

"तुला दोनदा लावलं. एकदा तू चिमणीच्या घरट्यात दगड मारलास म्हणून, आणि एकदा चुकून. दुसऱ्या वेळचं सांगायचं राहिलं होतं. माफ कर."

गिरणीवाला खाली बसला. पुढच्या दोघांनी आपली भाषणे आयत्या वेळी आखूड केली. मग फ्लोरेल उठला, हात पाठीमागे घेऊन. त्याने सोबत आणलेल्या पाटीवरचे फडके काढले. म्हणाला, नगरपालिकेने बाईंच्या कार्याला नेहमीच पाठबळ दिले, शाळेची चूल कधी थंड पडू दिली नाही.

"फ्लोरेल," बाई म्हणाल्या, "चूल कशावर पेटायची?"

फ्लोरेल फडक्याची घडी घालू लागला.

"सांग. पाठच असेल."

"ओंडक्यांवर, बाई. आम्ही घरून आणलेल्या."

"तू कसला आणायचास?"

"बाभळीचा. ओला."

अंगणात लोक वाडग्यात तोंड घालून हसले. बाई उठून पाटीजवळ गेल्या. चष्मा लावून त्यांनी ती वाचली. रेघेपुढच्या मोकळ्या दगडावरून बोट फिरवले.

"काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं इथे उरलंय तेवढं आयुष्य तरी शाळेचं उरलंय का, ते आधी बघ. नाहीतर पाटी लावायची कशावर?"

फ्लोरेलने कागद परत मागवतो असे कबूल केले. सगळ्यांच्या देखत कबूल केले, आणि मयताच्या घरी दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. मयत ऐकत असेल तर तर नाहीच.

एवढे सगळे होत होते, पण बाईंचे लक्ष फाटकाकडे होते. दुसरे वाढप झाले. उन्हे मांडवाच्या पलीकडे गेली. लोक हातातला टॉवेल आणि वाडगा सावरत 'बोग्दाप्रोस्ते' म्हणू लागले. दान घेताना आमच्याकडे हाच शब्द, आणि तो म्हटला की माणूस निघायला मोकळा. वेताने रिकाम्या खुर्चीपुढची विझलेली मेणबत्ती उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

टेबले अर्धी आवरून झाली तेव्हा फाटकाशी धुळीने माखलेली व्हॅन थांबली. ओविदिऊ उतरला. काळा सूट, काळा टाय, दाढी वाढलेली. मागचे दार उघडून त्याने फुलांचा एक प्रचंड हार बाहेर काढला. त्यावर सोनेरी अक्षरांची जांभळी फीत होती. तो हार पुढे धरून तो अंगणात आला आणि मधोमध थांबला. त्याला त्या हाराचे काय करावे ते कळत नव्हते. आम्हालाही नव्हते.

"हे काय आणलंस?" बाईंनी विचारले.

"सोबतच्या लोकांनी दिलाय. टाकून कसा देणार?" ओविदिऊ खाली बघत म्हणाला. "आई, मालक फक्त मयताला रजा देतो. म्हणून मी सांगितलं..."

"काय सांगितलंस?"

"तू गेलीस म्हणून."

वेताने सवयीने रुमालाचे टोक उचलले आणि परत सोडले.

"फितीवर काय लिहिलंय?" बाईंनी विचारले. त्याने वाचून अर्थ सांगितला. आमच्या सोबत्याच्या प्रिय आईला, गोदामातल्या सगळ्यांकडून.

"चांगली माणसं दिसतात. उरलेले टॉवेल त्यांना घेऊन जा." बाईंनी फीत सरळ केली. "मीच दिलेत म्हणू नकोस म्हणजे झालं."

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. आई-बापाच्या मयताची रजा एकदाच मिळते. बाबांची गेली. तुझी आज वापरली. उद्या तुला खरंच काही झालं तर मला येता येणार नाही."

इतक्या लांबून गाडी हाकत त्याच्या डोक्यात एवढेच चालले होते, हे त्याच्या तोंडावरून दिसत होते. बाईंनी त्याच्या हातातून हार घेतला आणि फ्लोरेलच्या पाटीला टेकवून ठेवला. दोन्ही वस्तू एकमेकींना शोभत होत्या.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वेता आहे, सर आहेत, पाद्रीबाबा आहेत. पाटीसुद्धा तयार आहे. तिथे तुझं काही काम नाही. तुझं काम इथे आहे. हात दाखव."

ओविदिऊने दोन्ही हात पुढे केले. पन्नाशीला आलेला माणूस. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि नळाकडे बोट केले.

तो हात धुऊन आला, उजवीकडच्या खुर्चीवर बसला. वेताने हंड्याच्या तळाचे, थोडे लागलेले सरमाले त्याला वाढले. बाईंनी पावातली मेणबत्ती पेटवली, पण मेण वाडग्यात गळू लागले तशी फुंकून टाकली.

आम्ही आपापले वाडगे घेऊन निघालो. फाटकातून मी वळून पाहिले. बाई हनुवटी हातावर टेकवून त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्याला ताठ बसायला सांगत होत्या.