मोडक्या पलंगाची वसुली

कन्नड येत नसताना मला कन्नड येतं, असं मी आमच्या भाडेकरूला सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण घराच्या फाटकातून आत आल्यावर माझ्याशी कन्नडमध्येच बोलायचं, अशी अटही घातली.

आमचं घर जे. पी. नगरमध्ये. घराला लागून, स्वतंत्र दार असलेली एक खोली आहे. मुलीचं लग्न झाल्यापासून ती रिकामी होती. तिच्यात माझ्या बायकोचा सागवानी पलंग होता, तिच्या आईनं दिलेला. खोली भाड्यानं द्यायचं मी ठरवलं तेव्हा बायको त्या पलंगाकडे बघून एवढंच म्हणाली, "कोणीतरी सांभाळून वापरणारा बघा."

मुलगा मिळाला तो निपाणीकडचा. इथल्या पद्धतीप्रमाणे काही महिन्यांचं भाडं त्यानं आधीच अ‍ॅडव्हान्स, म्हणजे अनामत म्हणून भरलं. घरात मराठी, शाळा कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर सख्ख्या बहिणींसारख्या नांदत होत्या. माझं तसं नव्हतं. सरकारी संशोधन संस्थेत सगळी नोकरी झाली. तिथं इंग्रजी आणि हिंदी, घरी मराठी, आणि कन्नड फक्त कोथिंबिरीपुरतं. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, गुडघ्यांचे व्यायाम करतात. मी कन्नड बोलायचं मनावर घेतलं.

"काका, मराठीच बोलू की आपण," तो बिचारा पहिल्याच दिवशी म्हणाला. "इथं ऐकायला मिळत नाही कुठं."

"छे छे! कन्नडा, कन्नडा," मी म्हणालो. "मला सगळं समजतं. बोलताना स्वल्प अडखळतो, इतकंच."

मग तो बोलायचा आणि मी समजायचो. माझ्याजवळ दोन हुकमी शब्द होते. त्याचा सूर वर गेला की प्रश्न असणार, म्हणून 'सरी', म्हणजे ठीक आहे. सूर खाली आला की बातमी असणार, म्हणून 'हौदा?', म्हणजे हो का? मान योग्य वेळी हलवली की या दोन शब्दांवर कितीही मोठं संभाषण चालतं. माझ्या बायकोनं दोन-चारदा आतून विचारलं, "काय म्हणत होता हो तो?" मी सांगायचो, "काही नाही, असंच, पाऊसपाणी." ती आमच्या गल्लीतल्या बायकांशी अस्खलित कन्नडमध्ये भांडू शकते. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला समजलं नाही हे कबूल करायचं.

कन्नड राज्योत्सवाच्या दिवसांत आमच्या कोपऱ्यावर मोठा मंच घालतात. त्यावर ऑर्केस्ट्रा आणि खाली माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्या आवाजात आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती, तेव्हाच तो एका सकाळी दारात उभा राहिला. डोळे लाल. म्हणाला, "काका, मंचक्के गेद्दलु हिडिदिदे. नाने औषधि हाक्ला?"

इथे मात्र मी अक्षरशः फुललो. इतक्या दिवसांत प्रथमच वाक्य कळलं होतं! मंच म्हणजे कोपऱ्यावरचा. गद्दल म्हणजे गोंगाट, हा शब्द मी बाजारात कमावलेला. तो 'गेद्दलु' म्हणाला, तो त्याच्या गावाकडचा उच्चार असणार. आणि औषधी तर आपलीच. म्हणजे मंचाच्या गोंगाटानं पोराचं डोकं दुखतंय आणि औषध घेऊ का विचारतोय. डोकं दुखायला लागल्यावर मला काय विचारायचं? पण चांगल्या घरातला दिसतो, असं वाटलं.

"सरी, सरी! हाकु," मी त्याचंच क्रियापद त्याला परत केलं.

आणि त्यानंतर माझी झोप उडाली.

सुरुवात ठकठकीनं झाली. त्याच्या खोलीतून लाकडावर बोटानं वाजवल्यासारखा आवाज यायचा. थोडा वेळ एका जागी, मग जरा पुढं. मी भिंतीला कान लावला. पोकळ जागा शोधतोय, असं वाटत होतं. पोकळ जागा माणूस कशाला शोधेल? काहीतरी लपवायला. मग एका रविवारी ड्रिल मशीनचा आवाज आला, दार आतून बंद आणि खिडक्या सताड उघड्या. मी झाडांना पाणी घालायच्या मिषानं खिडकीखालून दोनदा गेलो. तो तोंडाला रुमाल बांधून पलंगाशेजारी ओणवा बसला होता, हातात रबरी मोजे. खोलीतून रॉकेलसारखा उग्र वास. आणि गादी जमिनीवर. चांगला सागवानी पलंग सोडून हा जमिनीवर झोपतो?

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या पिशवीत मला सिरिंज सापडली. त्याच्या पिशवीत मी का डोकावलो, असं कोणी विचारू नये. ओला कचरा, सुका कचरा वेगळा केलाय का ते बघत होतो, असं मी बायकोला सांगितलं.

"सिरिंज?" ती म्हणाली. "विचारा की त्याला सरळ."

सरळ विचारायचं म्हणजे कन्नडमध्ये. सिरिंजला कन्नडमध्ये काय म्हणतात? मी बसवनगुडीतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो आयुष्यभर सुरक्षा विभागात होता, त्यामुळे त्याला सगळ्यांचाच संशय येतो.

"सिरिंज!" तो ओरडला. "पोलिसांना कळव आणि त्याचा अ‍ॅडव्हान्स परत देऊ नकोस." मग थोडा थांबून म्हणाला, "पोलिसांना नाही कळवलंस तरी चालेल. अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस."

आता मला आठवलं की हा तर माझ्याकडे परवानगी मागून गेला होता! 'औषध घेऊ का?' आणि मी म्हणालो होतो, घे. कोर्टात काय सांगायचं?

ज्या दिवशी कोपऱ्यावरचा मंच उतरवत होते, त्या सकाळी तो पुन्हा आला. तोंड एवढंसं झालेलं. "काका, मंच मुरिदुहोयितु," म्हणाला. कोपऱ्यावर कामगार फळ्या काढून टेम्पोत टाकत होते ते मला दिसत होतंच. मंच मोडला एकदाचा, सुटलो! मी मनापासून म्हणालो, "ओळ्ळेदायितु!" फार छान झालं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं चक्क दोन्ही हात जोडले आणि गेला. मंच मोडल्यावर कोणी हात जोडतं का? हा गुन्हेगारच, मी मनाशी म्हणालो. कसलं तरी ओझं आहे याच्या मनावर.

पुढच्याच आठवड्यात त्यानं खोली सोडतो म्हणून सांगितलं. या वेळी मराठीत, बायकोला. आई गावाकडे एकटी होती, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिला आणायचं होतं. राजाजीनगरला दोन खोल्यांचं घर बघितलं होतं. "काकू, तिथले मालक रविवारपर्यंतच थांबतो म्हणालेत," तो म्हणाला. "तुमच्याकडला अ‍ॅडव्हान्स मिळाला की तिथं भरतो. नाहीतर ते घर जाईल."

घाई! माझ्या कानात घंटा वाजली. पळून जाणाऱ्या माणसालाच घाई असते.

रविवारी सकाळी मी खोली तपासायला गेलो. सोबत बायको. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध ठेवला होता. एक पाय निखळलेला, बाजूची लांब फळी मधेच तुटलेली, आणि उरलेल्या तिन्ही पायांना ओळीनं बारीक भोकं. बायकोच्या आईचा पलंग! ती खाली बसली आणि तुटलेल्या फळीवरून हात फिरवत राहिली.

मी सुरू झालो. मराठीतच बोललो, कारण राग आला की मला दुसरी भाषा सुचत नाही.

"काय केलंस हे? भोकं पाडलीस? काय लपवत होतास आत? आणि ती सिरिंज कसली? मला सगळं माहीत आहे. पेंटिंगचं म्हणून एक महिन्याचं भाडं तर कापणारच, तो इथला रिवाज आहे. वर या पलंगाचे. सागवान काय भावानं मिळतं, माहीत आहे? तुझ्या अ‍ॅडव्हान्समधलं काही उरेल असं मला वाटत नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "काका, असं काय करालाय? तुम्हाला विचारूनच केलो की मी."

"मला? पलंग फोडू का म्हणून विचारलंस?"

"दोन्ही खेपेला सांगितलो. दारात उभारून. तुम्ही सरी म्हणाला."

"खोटं! साफ खोटं!"

"काय विचारलं होतंस?" बायकोनं मान वर करून विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघत ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मंचक्के गेद्दलु हिडिदिदे.

बायको फळी सोडून उठली. "अहो," ती अगदी शांतपणे म्हणाली, "मंच म्हणजे काय?"

"व्यासपीठ," मी म्हणालो.

"आणि गेद्दलु?"

"गोंगाट. म्हणजे, कोपऱ्यावरचा..."

"मंच म्हणजे पलंग. गेद्दलु म्हणजे वाळवी. पलंगाला वाळवी लागलीय, मीच औषध घालू का, असं विचारलं त्यानं तुम्हाला."

मी तुटलेल्या फळीकडे बघितलं. आतून ती जाळीदार होती. भिंतीवर, पलंगाचं डोकं टेकायचं तिथं, मातीच्या बारीक वाळलेल्या रेघा वर चढत गेल्या होत्या. ठकठक करून तो पोकळी शोधत होता. भोकं पाडून सिरिंजनं आत औषध सोडत होता. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या रविवारी.

पण संशय एकदा घरात शिरला की सहजी बाहेर पडत नाही. "बरं, पण मग मोडला कसा?" मी विचारलं. "आणि मोडल्यावर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलो की! नुसता टेकलो आणि कडाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलो, मंच मुरिदुहोयितु." तो बायकोकडे वळला. "काकू, काका काय म्हणाले माहीत आहे? ओळ्ळेदायितु म्हणाले. मी रूमवर जाऊन आईला फोन केलो. म्हटलं, आई, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस बघितला नाही. पलंग मोडला म्हणून सांगितलो, तर छान झालं म्हणतोय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी खोलीतल्या आमच्या कपाटाकडे बघितलं. नजर टेकवायला जागा हवी म्हणून मी कपाटामागे डोकावलो. तिथंही मातीच्या रेघा होत्या, पण अर्ध्यावर थांबलेल्या, औषधाचा डाग पडून वाळलेल्या. कपाट शाबूत होतं. त्यानं कपाटही वाचवलं होतं आणि त्याबद्दल मला काही सांगितलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बहुतेक सांगितलंच असणार.

"अर्धे कापा, काका," तो खाली बघत म्हणाला. "झोपत तर मीच होतो त्याच्यावर. तिथं कमी पडतील ते मी बघतो कुठून तरी. फक्त आज द्या, ते मालक संध्याकाळपर्यंतच थांबतील."

"एक पैसा कापायचा नाही," बायको म्हणाली. "पेंटिंगचाही नाही. पलंग माझा आहे, हिशेब मी करणार. काढा फोन."

मी फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून रक्कम बायकोनं घातली आणि अंगठा तेवढा माझा घेतला. त्याचा फोन वाजला, त्यानं बघितलं, आणि उभ्या उभ्याच राजाजीनगरला फोन लावला. बोलताना त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. जाताना तो बायकोच्या पाया पडला. माझ्याही पडला, पण मी काही बोलायच्या आत उठून गेला. कोणत्या भाषेत आशीर्वाद येईल याचा त्याला भरवसा नसावा.

त्याचा टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सुस्कारा टाकला.

"वाळवी फार वाईट," मी म्हणालो. "बघता बघता किती नुकसान केलं."

"वाळवीनं नुसता पलंग खाल्ला," बायको आत जाता जाता म्हणाली. "तुम्ही त्या पोराचं डोकं खाल्लंत."