हळदीच्या अडतीवरचं लॉगिन

मी मूळची साताऱ्याची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून सांगलीत एका क्लासमध्ये शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. हळदीच्या एका अडत दुकानाने मला कॉम्प्युटर बसवून द्यायला बोलावलं. त्यावर बसणारी माणसं तीन: शेठ, शेठचा पुतण्या आणि साठी ओलांडलेले दिवाणजी. कुणाचा माल कुणाला दाखवला, कोण काय बोललं, हे ज्याचं त्याच्यापाशीच राहायला हवं होतं. म्हणून मी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. त्यात प्रत्येकाची जागा वेगळी, दुसऱ्याला डोकावता येत नाही.

पण मशीन सुरू केलं की समोर यायचा नुसता काळा पडदा. त्यावर इंग्रजीत आपलं नाव लिहायचं, मग पासवर्ड, मग खिडक्या-चित्रं उघडायला आणखी एक हुकूम. शेठ आणि पुतण्या शिकले. दिवाणजींचं घोडं मात्र अडलं. मी क्लास सुटल्यावर संध्याकाळी जायचे, तेव्हा शेठची तक्रार तयार असायची की दिवाणजींना आजही आत जाता आलं नाही.

एके दिवशी शेठ स्पष्टच बोलले. "सोमवारी हंगामाचा पहिला सौदा हाय. तवर त्यांना आपलं आपण उघडता आलं तर बरं. न्हाईतर त्यांना पाटणला घरी जाऊ दे आता. पुतण्या बघंल सगळं."

दिवाणजींनी ते ऐकलं होतं. चहा पिताना मला म्हणाले, "ताई, गावाकडं जाऊन मी काय करू? तितं मला कोन वळखतंय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या पोटावर पाय आणणारं ते मशीन मीच आणून बसवलं होतं.

मी ठरवलं, काळा पडदा घालवायचाच. सीडीवर लॉगिन मॅनेजर नावाचा एक प्रोग्रॅम होता. मशीन सुरू होताच तो सगळ्यांची चित्रं मांडतो. आपल्या चित्रावर माउस दाबायचा, पासवर्ड द्यायचा, की आत. शनिवारी दुपारी मी तो चढवला, मशीनने थेट चित्रांवरच उघडावं म्हणून एका फाइलमध्ये तीनच्या जागी पाचचा आकडा लिहिला आणि मोठ्या ऐटीत मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा लुकलुकला, काळा झाला, परत लुकलुकला, आणि असं दहा वेळा करून गप्प बसला. चित्रं मोठी दिसावीत म्हणून मी पडद्याची मांडणी बदलली होती, आणि मॉनिटर किती वेगाने चालतो ते आकडे अंदाजाने ठोकून दिले होते. ते मॉनिटरच्या पुस्तिकेत असतात, आणि पुस्तिका कुणालाच सापडेना. मी पुतण्यावर खेकसले. दिवाणजी शांतपणे उठले आणि भिंतीवरच्या तारेपाशी गेले. दुकानात आलेला प्रत्येक कागद ते त्या तारेत ओवायचे. पुस्तिकाही ओवली होती. मधोमध भोक पडलेलं, पण आकडे शाबूत होते.

आकडे बरोबर भरले आणि तीन चित्रं झळकली. शेठचा तराजू, पुतण्याची मोटारसायकल आणि दिवाणजींचं हळकुंड. सगळी मीच काढलेली.

"हे आलं हाय का, ताई?" दिवाणजींनी विचारलं.

"हळकुंड आहे. दाबा!"

त्यांनी दाबलं. मग पासवर्ड दिला, आणि चुकला. पुन्हा दिला, पुन्हा चुकला. मी पुढे होऊन पाहते तो काय, त्यांनी खांद्यावरचा रुमाल की-बोर्डवर पसरला होता आणि बोटं त्याच्याखाली चाचपडत होती.

"काढा तो आधी!" मी ओरडलेच.

"आवं ताई, दुकानात धा मानसं बघत्यात. अशी गोष्ट उघड्यावर करत्यात व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीचा भाव त्यांनी जन्मभर रुमालाखालीच ठरवला होता, समोरच्याची बोटं दाबून, तोंडातून शब्द न काढता. इंग्रजी, काळा पडदा, यातलं काही त्यांना अडवत नव्हतं. नाव लिहायला ते दोन दिवसांत शिकले होते, अडायचं ते रुमालाखालच्या पासवर्डपाशी, हे त्यांनी मला आत्ता सांगितलं. मी आपली भलत्याच दुखण्यावर औषध देत बसले होते.

रुमाल काही निघाला नाही. ते खाली बोटं फिरवत राहिले आणि थांबले. "ही दोन बटनं येगळी हायती. हितं बारीक उंचवटा हाय."

रुमाल उचलून पाहिलं तर एफ आणि जे. मी दोन बोटांनी की-बोर्ड बडवणारी. त्या खुणा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. एवढी कॉम्प्युटरची बाई, पण शरमेने लाल झाले. मग पासवर्ड त्या दोन बटणांचाच ठरला. कुठलं किती वेळा, ते त्यांनी ठरवलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले.

सोमवारी क्लासला दांडी मारून गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ हाताची घडी घालून उभे. दिवाणजींनी हळकुंडावर माउस दाबला, रुमाल पसरला आणि की-बोर्डाकडे न बघता कोरेगावच्या एका शेतकऱ्याला विचारलं, "औंदा पानी कसं हाय रं तुमच्याकडं?" त्याचं उत्तर संपायच्या आत पडदा उघडला. पहिल्याच फटक्यात! मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. डिप्लोमाच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता.

शेठनी हाताची घडी सोडली. मग पुतण्याला म्हणाले, "मशीन तुज्या टेबलावरनं काढ. दिवाणजींच्या गादीपाशी ठेव."

पुतण्याचं तोंड पडलं. मॉनिटर मीच उचलला.

"सावकाश, ताई," दिवाणजी आपल्या गादीवर जाऊन बसत म्हणाले. "मला रोज लागतंय ते."