मेलेल्या सेलांचं पिंप

वारा उत्तरेचा झाला तशी एदिल्त्रूदिस दाराबाहेर आली. आउलाओ बेटावर उत्तरेचा वारा म्हणजे वादळ, आणि तिची यास्ना उद्या एकटी, बापाच्या जुन्या होडीतून मोठ्या बेटावर निघणार होती. सोबत काय, तर मेलेल्या सेलांचं पिंप.

यास्ना पहिल्यापासून अशीच. लहान असताना कुणा श्रीमंताची शिडाची बोट किनाऱ्यावर कचऱ्याची पिशवी टाकून निघाली. ही पोरगी वल्ही मारत मागे गेली आणि "तुमचं विसरलं" म्हणून पिशवी परत देऊन आली. अख्खं बेट हसलं. आईने मात्र धपाटे घातले, कारण समुद्र वय बघत नाही.

आउलाओवर सेल सहजासहजी मरत नाही. रेडिओत संपला की चुलीच्या कडेला शेकून त्यातून आणखी एक फुटबॉलची मॅच काढायची, मग तो घड्याळात घालायचा, आणि अगदीच गेला की परसात भिरकावायचा. गेल्या उन्हाळ्यात लसूण काढताना यास्नाच्या हाताला बापानेच कधीतरी टाकलेले सेल लागले. गंजून फुटलेले, काळं पाणी सुटलेलं. विहीर तिथे लागूनच. तेव्हापासून ती दारोदार फिरू लागली. शाळेच्या सोलरवर पुन्हा भरता येणारे सेल लोकांना द्यायचे आणि संपलेले मागून आणायचे.

सामन माशांच्या खाद्याचं निळं पिंप गळ्यापर्यंत भरलं, तेव्हा तिने ते धक्क्यावर नेलं. मोठ्या बेटावर असे सेल घेतात. पण तिकडे जाणारी लाँच एकच, बेलार्मिनोची. तो तर यास्नाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता.

"मेलेल्यांना पुरायचं असतं पोरी," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "लाँचमधून फिरवायचं नसतं."

"पुरलेले वर येतात, काका. तुमच्या बटाट्यांतही येतील."

लोक हसले, ते या वेळी त्याला. तिथेच बिनसलं. पुन्हा हे पिंप आणलंस तर तुझा लसूणही नेणार नाही, असं त्याने बजावलं. लसणावरच तर तिचं वर्ष निघायचं.

एदिल्त्रूदिस किनाऱ्यावर गेली. यास्ना होडीच्या फटी बुजवत होती. वारा बघ, आई म्हणाली. बघितला, लेक म्हणाली. काकाची माफी माग, लसूण तरी वाचेल, असंही आईने सुचवून पाहिलं.

"लसूण वाचवायला विहीर नासवू?" यास्नाने मान वर केली नाही. "सोडायला येऊ नकोस. पण अडवूही नकोस."

घरी येऊन आईने फोन हातात घेतला. वादळात होड्यांना बंदी घालणाऱ्या, बंदरावरच्या नौदलाला नुसतं कळवलं असतं तरी त्यांनी होडी अडवली असती. पोर जगली असती, पिंप इथेच राहिलं असतं, आणि यास्ना तिच्याशी पुन्हा बोलली नसती. नंबर काढून ती खिडकीशी उभी राहिली.

समोर बेलार्मिनोचं घर दिसत होतं. समुद्राने काठ खाल्ला तेव्हा ते अख्खं लाकडी घर बैलांनी ओढून वर आणलं होतं. मिंगा होती ती. अडलेल्याने दारोदार जाऊन मदत मागायची, बाकीच्यांनी बैल जुंपायचे. बदल्यात पोटभर जेवण आणि जन्माची भीड. सगळ्यांत पुढची जोडी तिच्या नवऱ्याची होती. दोर तुटला, एक बैल गुडघ्यांवर आला, तरी त्याने ओढलं. घरात काय भरलंय, असं कुणी बेलार्मिनोला विचारलं नव्हतं. मिंगेत ओझं विचारत नाहीत. आणि मागितलेली मिंगा जो नाकारतो, त्याच्यासाठी पुन्हा कुणी बैल काढत नाही.

कचऱ्यासाठी मिंगा आजवर कुणी मागितली नव्हती. फोनवरून तर नाहीच. मग आपण मागू, बैलांऐवजी बेलार्मिनोची लाँच. हसायचं त्याने हसावं.

तिने चुलीवर बटाट्यांचं मोठं पातेलं चढवलं. मागणाऱ्याने जेवू घालायचंच असतं. नौदलाचा नंबर पुसला. लेकीच्या धर्मपित्याला जशी हाक मारतात, तशी एकदा मोठ्याने मारून पाहिली. "कोंपाद्रे, मी मिंगा मागतेय."

मग तिने बेलार्मिनोचा नंबर लावला.