पंचाच्या घरातला मुद्देमाल

चकलांब्यात गहिनीनाथाला नावानं कुणी हाक मारत नाही. ‘पंच’ म्हणतात. मोटारसायकल चोरीला जावो की कुणी विहिरीत पडो, पोलिसांच्या पंचनाम्याखाली सही त्याचीच. त्यात सगळ्यात मानाची सही अफूच्या छाप्यातली. बारा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कांद्याच्या आडोशाला अफू सापडली, तेव्हा फौजदाराच्या शेजारी छाती काढून गहिनीनाथच उभा होता. तेव्हापासून लग्न असो की तेरावा, पंगत बसली की तो सुरू, "अफू म्हंजे काय? निव्वळ जहर! म्या सवताच्या डोळ्यानं बघितलंय!"

आता त्याच्या कंबरेच्या हाडात कॅन्सर उतरलाय. आठ दिवस झाले, दुखण्यानं त्याला पाठ टेकवत नाही. भिंतीला उशी लावून तो तसाच ताठ बसून असतो.

भर दुपारी जिल्ह्याच्या दवाखान्यातून प्रियदर्शनी सिस्टर मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आल्या. "दर चार तासांनी एक. दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध."

"कशापासून करतेत ह्या?" पंचाचा सवाल.

सिस्टर सरळ बाई. "अफूपासूनच. पण डॉक्टरांनी तुमच्यापुरतं माप ठरवून दिलंय."

"मह्या घरात मुद्देमाल? मंग म्या पंगतीत कोन्त्या तोंडानं बोलू?"

"पंगतीत बसता तरी येतंय का?" बायको सत्यभामा म्हणाली.

तेवढ्यात कंबरेतून अशी कळ गेली की पंचाचे डोळे पांढरे झाले. जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "रीतसर पंचनामा झाला तर घेईन. शहादेवला बोलवा. दुसरा पंच लागतोय."

शहादेव आला, गुटख्यानं गाल फुगवून. "पंच, ह्या वयात नशा? कावून?"

"भावजी, आधी तुमच्या तोंडातला माल लिहू का?" सत्यभामानं विचारलं. शहादेव गपचिप बाहेर थुंकून आला आणि वही घेऊन बसला.

गहिनीनाथ सांगू लागला, "लिही. आमी खाली सही करणार पंच समक्ष हजर असता... गोळी एक. रंग पांढरा. आकार गोल. चव..."

"चव काय लिहू?"

"अज्ञात लिही बे! आता चतुःसीमा. पूर्वेस पाण्याचा तांब्या. पश्चिमेस बायको. उत्तरेस सिस्टर. दक्षिणेस..."

दक्षिणेला कळ निघाली. पंचाचा फौजदारासारखा आवाज बसला आणि तिथं नुसता म्हातारा उरला.

"सत्यभामे... दे."

त्यानं गोळी गिळली. सिस्टर घड्याळ बघत बसल्या. तासाभरानं सत्यभामानं भिंतीची उशी काढून खाली ठेवली, आणि पंच इंच इंच सरकत आडवा झाला. आठ दिवसांनी पाठ गादीला लागली.

"पंच, दक्षिण राह्यली," शहादेवनं वही पुढं केली. "अन् सही?"

पंचानं डोळे उघडले नाहीत. "चार तासानं दुसरी घ्यायची हाय ना? तवा घालू दक्षिण. अन् हळू बोल बे, लई दिसांनी झोप येतीय."